दादाची गाडी आणि माझं गाऱ्हाणं

जो खेळ मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्याच्याविरुद्ध मी वर्तमानपत्राला दोन पत्रं पाठवली, ग्रामसभेत एकदा बोललो आणि शेवटी प्रकरण देवाच्या कानावर घातलं. आता थकलो आहे. राग राग करायलाही अंगात रग लागते, आणि माझी आहे-नाही ती रग हल्ली देवळाच्या पायऱ्या चढण्यातच संपते. म्हणून झालं ते सांगून मोकळा होतो.

आमचं घर पेडणे तालुक्यातल्या एका खोलगट गावात, देवळाच्या अगदी मागे. घरात आम्ही तिघं: थोरला भाऊ, वहिनी आणि मी. माझं लग्न झालं नाही. तीन मुली पाहिल्या होत्या. तिघींनीही मला नीट पाहिलं आणि विषय तिथेच मिटला. दादाचा मुलगा बोटीवर असतो, तो वर्षातून दोन महिने घरी.

दादा बसचा ड्रायव्हर होता. म्हापसा ते पेडणे, म्हापसा ते डिचोली, कधी आतल्या गावांतून वळसे घेत. शुक्रवारी म्हापशाचा बाजार उठला की सुकी मासळी, मिरचीची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि त्या सगळ्यांपेक्षा जास्त ओरडणारी माणसं घेऊन तो गाडी अशी आणायचा, की म्हाताऱ्यांची झोप मोडत नसे. निवृत्त झाला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्याची उजवी बाजू गेली. उजवा हात कुणीतरी मांडीवर ठेवून विसरून गेलेल्या सामानासारखा पडून राहायचा. शब्द आत तयार असत, पण दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागे.

पुढच्या वर्षी मीही कचेरीतून सुटलो. मनात एकच बेत होता. चाळीस वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो, पण तो पहाटे जायचा आणि मी संध्याकाळी यायचो. बोलायचं राहूनच गेलं होतं. आता व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकू, चहा घेऊ, बोलू. मला दादाशी बोलायचं होतं. याहून मोठी महत्त्वाकांक्षा मी नोकरीतसुद्धा कधी धरली नव्हती.

दोन खुर्च्या टाकल्या. चहा आला. आणि दादाच्या मांडीवर टॅबलेट होता.

मुलानं बोटीवरचे फोटो बघायला म्हणून तो ठेवला होता. त्यात हा खेळ कधी आला देव जाणे. शंभर माणसं एका बेटावर उतरतात, चौघा-चौघांची टोळी करतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात, अशी माझी माहिती. तीही मी वर्तमानपत्रात वाचलेली. दुपारची झोप झाली की चार वाजता दादा बसायचा, तो देवापुढे दिवा लागेपर्यंत. मी काही विचारलं तर "हं". टॅबलेटशी मात्र बोलायचा. "डावीकडे." "थांब." "बस, बस, चल." समोरून पोराटोरांचे आवाज येत, हसणं येई. दादाच्या चेहऱ्याची जी बाजू हलते ती हलत असे.

माझ्या बाजूला होती "हं"ची बाजू.

त्या खेळाचा राग करणं फार सोपं होतं, कारण सगळा गाव तयारच बसला होता. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की त्याच्याभोवती आमची सभा भरायची. भजनाला पखवाज वाजवायला कुणी येत नाही, कारण तो खेळ. कुणाच्या सुनेनं भात करपवला, कारण तो खेळ. एकाच्या मुलाला चष्मा लागला. त्याच्या बापाला सातव्या वर्षी लागला होता आणि आजोबा तर भिंतीला धडकत, पण तरी कारण तो खेळच. एकानं तर माडाला नारळ कमी धरल्याचाही संबंध जोडला. त्याला आम्ही हसलो, पण विरोध कुणी केला नाही.

मी मनात कधीतरी विचार केला होता. आमच्याच गावात सुपारीच्या झाडाखाली दिवसभर पत्ते कुटणारे चौघे आहेत. त्यांच्यावर कुणी वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाही. एक जण आयुष्यभर रेडिओ उघडून बसतो, त्याला सगळे छंदी म्हणतात. एकट्यादुकट्याच्या आवडीचं कौतुक होतं, पण सगळ्यांना एकदम एकच गोष्ट आवडली आणि आपण तेवढे बाहेर राहिलो, की डोकं फिरतं. हा विचार मला सुचला होता खरा, पण पत्रात घातला नाही. पत्रात घातलं की तरुण पिढी रसातळाला जात आहे. दादा बासष्टाचा होता.

वर्धापनदिनाला देवळात गाऱ्हाणं घालायचं असतं. देवासमोर उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं एकेक मागणं मोठ्यानं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्यावर "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नेहमीच्या म्हाताऱ्याचा घसा बसला होता. देवस्थान समितीचे अध्यक्ष म्हणाले, "तू घाल रे. तू पेपरात लिवतंस." पेपरात लिहिणाऱ्याला देवाशीही बोलता येतं, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं.

कर्णा लावलेला होता. मी गावाचं नाव घेतलं, वाड्यांची नावं घेतली आणि सुरू झालो.

"हे देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बोटीर गेल्ली लेकरां सुखान घराक येवंदेत—"

"व्हय म्हाराजा!"

"माडा-पोफळीक बरकत दी, माकडांपासून राख—"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायचं होतं. पण हातात माईक आणि समोर होकार देणारी दोनशे माणसं, असा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

"आणि म्हाराजा, तो जो मोबायलातलो खेळ आसा, ज्येणी आमची माणसां आमच्या घरात ऱ्हवान आमच्याकडसून हिसकावन व्हेली, त्येचो नायनाट कर!"

असा "व्हय म्हाराजा" त्या देवळात कधी घुमला नसेल. कबुतरं उडाली. मी चेकाळलो.

"आणि जाणत्या-थोरल्यांची बुद्धी ठिकाणार हाड!"

"व्हय म्हाराजा!"

देऊळ ते आमचा व्हरांडा पन्नास पावलं. कर्ण्याचं तोंड आमच्याकडेच होतं.

उतरलो तेव्हा अध्यक्षांनी माझा हात दाबला. "माझ्या डोळ्यांत पाणी इला बघ. म्हाराजाच्या कानार घातलां, आता आपणय कायतरी करूक होयां." आणि त्यांनी केलं. देवळात इंटरनेट होतं, कॅमेऱ्यांसाठी आणि परदेशातल्या माणसांना जत्रा घरबसल्या दिसावी म्हणून घेतलेलं. आमच्या खोलगट भागात फोनला रेंज नसते, त्यामुळे आजूबाजूची दहा-बारा घरं त्याच्यावरच चालायची. पासवर्ड गावात सगळ्यांना पाठ होता. अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी तो बदलला आणि नवा कुणालाच सांगितला नाही.

तुम्ही म्हणाल, मग स्वतःचं कनेक्शन घ्यायचं. केबलवाला वर्षापूर्वी आला होता. वायर आमच्या फणसाच्या फांदीवरून नेतो म्हणाला. फणसाला शॉक लागेल म्हणून मी त्याला हाकलला होता. त्यानं मला हसत नमस्कार केला होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दादा टॅबलेट घेऊन बसला. डाव्या अंगठ्यानं काहीतरी दाबलं, पुन्हा दाबलं. मग टॅबलेट उलटा करून मांडीवर ठेवला आणि कुंपणाकडे बघत बसला. मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, आता बोलू. कचेरीतल्या साहेबांच्या गमती सांगितल्या. आमच्या शाळेतल्या मास्तरांची नक्कल केली. पुढाऱ्यांना शिव्या घातल्या. दादा कुंपणाकडेच बघत होता. आता तर "हं"ही बंद.

असे आठ दिवस गेले. वहिनी म्हणाली, "भावोजी, ते जेवणात लक्ष घालीनात. सकाळी व्यायामालाही उठले नाहीत."

"सवय सुटताना असं होतं," मी म्हणालो. हे मी कुठेतरी दारूबद्दल वाचलं होतं.

रविवारी सकाळी अंगण झाडत होतो. फाटकाशी एक मुलगी उभी, वीस-एकवीसची, पायाला धूळ. म्हणाली, "काका, मी आमोण्याहून आले. म्हापशाला बस बदलून. इथं ड्रायव्हर भाऊ राहतात?"

"ड्रायव्हर होता," मी म्हणालो. "आता नाही."

तिचा चेहरा एकदम उतरला. मी घाईनं म्हणालो, "नाही नाही, आहे. ड्रायव्हर नाही, पण आहे."

तेवढ्यात मागे मोटारसायकल थांबली. तिशीचा एक जण उतरला, अंगात कारखान्याचा निळा शर्ट. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मुलगी काहीतरी बोलली आणि तो ओरडलाच, "अगं, आवाजावरनं ओळखलं! तूच न्हवं ती? मला वाटलं तू उंच असशील."

"आणि मला वाटलं तुला मिशी असेल."

रोज दोन-अडीच तास ही दोघं दादाबरोबर खेळातल्या एका जीपमध्ये बसत होती आणि एकमेकांना पहिल्यांदाच बघत होती. तो बेळगावकडचा, इथल्या कारखान्यात पाळीवर. चौथा गडी डिचोलीतला एक न्हावी होता. रविवार म्हणजे त्याच्या धंद्याचा दिवस, म्हणून आला नव्हता.

"आठ दिवस झाले, आमची गाडी बंद आहे बघा," बेळगावचा म्हणाला. "भाऊंशिवाय चालवणार कोण? मी बसलो तर पहिल्याच वळणावर झाडावर घालतो. भाऊ म्हणजे काय सांगू, गोळ्या सुटताहेत, पूल तुटलाय, आणि हे आपले ब्रेकसुद्धा हळू दाबतात."

"पण गाव कसं सापडलं?" मी विचारलं.

मुलगी हसू दाबत म्हणाली, "भाऊ कधी सांगायचेच नाहीत. शेवटच्या दिवशी खेळताना मागून कर्णा ऐकू आला. गावाचं नाव, वाड्यांची नावं, माकडं. मग कुणीतरी म्हातारा आमच्या खेळाचा नायनाट मागायला लागला."

बेळगावच्यानं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुमचा आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटतोय हो."

मी झाडू दुसऱ्या हातात घेतला.

"व्हय म्हाराजावाले तुम्हीच काय?"

"घरात या," मी म्हणालो. "चहा घ्या."

दादा खुर्चीत होता. दोघं दारात थबकली. त्याचं वय त्यांना माहीत नव्हतं आणि तो हातही माहीत नव्हता. मला वाटलं, आता कीव करतील, डोळे पुसतील, आणि दादा भिंतीकडे तोंड करील. मुलगी सरळ पुढे गेली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी पुलावर मला टाकून गेलात. त्याचं काय?"

दादा हसला. अर्ध्या तोंडानं, पण आवाज करून. वर्षभरात मी तो ऐकला नव्हता.

"तू... उशिरा... आलीस," तो म्हणाला. त्या तीन शब्दांना बराच वेळ लागला. दोघं गप्प उभी राहिली, वाक्य पुरं होईपर्यंत. म्हापशाच्या स्टँडवर बसची वाट बघणारी माणसं उभी राहतात तशी. येणार हे त्यांना माहीत होतं.

वहिनीनं चहा आणि पाव दिले. बेळगावचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "एकदा भाऊ म्हणाले, सगळी बटणं डाव्या बाजूला कशी घ्यायची सांग. मला वाटलं उजव्या हातात सिगरेट असणार." मग तो पाव खात राहिला.

मी मुलीला विचारलं. विचारायला नको होतं. "दादा कधी माझ्याबद्दल बोलायचा काय?"

ती अवघडली. "म्हणायचे, घरी एक धाकटा आहे."

"आणखी?"

"चांगला आहे म्हणायचे." तिनं कपाकडे बघितलं. "पण माझं बोलणं तोच पुरं करतो, म्हणायचे. आणि चुकीचं पुरं करतो. मग मी बोलायचंच सोडलं, म्हणायचे."

मी तिथे बसून मागचं सगळं वर्ष आठवलं. दादाच्या तोंडून एक अक्षर निघालं की मी पुढची दहा त्याच्या तोंडात कोंबायचो. त्याला त्रास नको म्हणून. आणि खरं सांगायचं तर, वाट बघण्याचा मला कंटाळा होता म्हणून. दोनशे माणसांना "व्हय म्हाराजा" म्हणायला लावून मी ज्याचा नायनाट मागितला, त्या खेळाचा अपराध एवढाच होता, की तिथे "थांब" म्हटल्यावर माणसं थांबत होती.

ती दोघं गेल्यावर मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, पासवर्ड द्या.

"माझ्या हातात खंय आसा?" ते म्हणाले. "तू देवासमोर मागितलंस, गावान व्हय म्हटलां. मागे घेवचां तर देवासमोरच घेवक होयां. नारळ ठेवून."

"मनातल्या मनात घेतलं तर?"

"घातलंस तेव्हा मनात घातलंस काय रे?"

सोमवारी संध्याकाळच्या आरतीला नारळ आणि केळ्यांचा घड घेऊन उभा राहिलो. आरतीला आम्ही सातच जण, म्हणजे इज्जत जायची तर सातांपुढेच जाईल, असा माझा हिशेब. अध्यक्षांनी माझ्यावर प्रेम म्हणून कर्णा चालू केला.

"हे देवा म्हाराजा," मी म्हणालो, "त्या दिवशी मी जां मागितलां, तां न बघता मागितलां. तो खेळ मी कधी बघूक नाय."

"व्हय म्हाराजा," सातजण म्हणाले. त्यातला एक फिस्सकन हसला.

"राग खेळाचो नव्हतो म्हाराजा. माझ्या भावाक माझ्यापेक्षा दुसरी माणसां बरी वाटली, त्येचो व्हतो. तेव्हा तां मागणां परत घेतंय. माकडांचां तेवढां ऱ्हवंदे."

"व्हय म्हाराजा." यावेळी आवाज बरा आला, बहुतेक माकडांमुळे. गावात दोन दिवस माझी नक्कल चालली. पोदेर पाव देताना "व्हय म्हाराजा" म्हणू लागला. मी काही बोललो नाही. बोलायचं कमी करायचं ठरवलं होतं, कुठूनतरी सुरुवात हवीच होती.

मंगळवारी चार वाजता, नवा पासवर्ड घालून, दादानं टॅबलेट उघडला. पलीकडून तिघांचा ओरडा झाला. मी माझी खुर्ची शेजारी ओढली आणि गप्प बसलो. माणसानं न बोलता बसावं तरी किती, पहिल्या अर्ध्या तासात माझी जीभ सुजल्यासारखी झाली. पण मी पहिल्यांदा तो खेळ बघितला. डोंगर, समुद्र, रिकामी घरं, आणि एक जीप. दादा डाव्या अंगठ्यानं ती अशी नेत होता, की मला कोंबड्यांसकट ती शुक्रवारची बस आठवली.

एका वळणावर गोळ्या सुरू झाल्या. दादाचा अंगठा सगळीकडे पुरेना. त्यानं हनुवटीनं मला पडद्याची उजवी बाजू दाखवली. मी बोट पुढे केलं. "ब..." तो म्हणाला.

पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, बंदूक? ब्रेक? बस करू? मी दात आवळले. पण बोटाला कोण आवळणार? दादाचा शब्द वाटेतच होता तोवर बोटानं जे दिसलं ते दाबून टाकलं.

तो हातबॉम्ब होता. मी तो जीपमध्येच टाकला. चौघंही एकदम गेले, गाडीसकट.

पलीकडून न्हाव्याचा आवाज, "भाऊ, कितें जालें हें?"

"माझा भाऊ," दादा म्हणाला.

"तो म्हाराजावाला?" बेळगावचा ओरडला. "अहो त्यानं शेवटी नायनाट केलाच की हो!"

मुलगी हसत हसत म्हणाली, "भाऊ, त्यांना खाली उतरवा बघू गाडीतून. नाहीतर आम्ही उतरतो."

मी खुर्ची मागे सरकवू लागलो. खरंच उठणार होतो. थकवा असा आला होता की रागही आला नाही, वाईटही वाटलं नाही. दादानं डाव्या हातानं माझी बाही धरली. तोंड उघडलं. काहीतरी यायला निघालं होतं. पडद्यावर पुढचा डाव सुरू व्हायचे आकडे उलटे पडत होते आणि पलीकडे तिघंही गप्प झाले होते. मीही गप्प राहिलो.

"बसू... दे," दादा म्हणाला. "मागच्या... सीटवर."